बदलीचा हुकूम आणि वाढलेल्या वाटेचा हिशेब

नातेपुत्याच्या स्टँडवर पहाटे उभे राहिले, म्हणजे आपल्या गावातील किती संसार बाहेरगावच्या कामावर चालतात हे ध्यानात येते. कोणी माळशिरसला कचेरीत जातो, कोणी अकलूजला दवाखान्यात, कोणी फलटणला दुकानात, तर कोणी माळीनगरच्या बाजूला कारखान्यात. ज्यांची पाळी एस. टी.च्या वेळेशी जुळत नाही ते मोटारसायकल काढतात. ह्यांपैकी पुष्कळांनी ते लांबचे ठिकाण स्वतः निवडलेले नसते. काम जवळ होते. बदलीचा हुकूम आला आणि ते लांब गेले. पगार तोच, घर तेच, मुलांची शाळा तीच. वाढली ती फक्त वाट. ह्या वाढलेल्या वाटेचे पैसे कोणी द्यावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न किरकोळ वाटेल, म्हणून आधी आकडा मांडू. समजा, एका कामगाराचे घर कामापासून ४ किलोमीटर होते. बदलीनंतर ते अंतर २७ किलोमीटर झाले. एका बाजूला २३ किलोमीटर वाढले, जाऊन येऊन ४६. महिन्याचे २५ दिवस धरले तर ११५० किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असे मानले तर २३ लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये धरले तर २,३९२ रुपये. टायर, ऑइल, दुरुस्ती वेगळी. पंधरा हजार पगाराच्या माणसाला हा सहाव्या हिश्श्याजवळ जाणारा खर्च आहे. हुकमाच्या कागदावर पगारकपातीचा एक शब्दही नसतो, आणि घरात मात्र कपात होते.

आता तत्त्व पाहू. वाट तीन प्रकारची असते. पहिली, घरापासून कामाच्या जागेपर्यंतची. ही कामगाराची स्वतःची, असे मालक म्हणतो, आणि सामान्यतः कायदाही तसेच धरतो. दुसरी, कामावर हजर झाल्यानंतर कामासाठीच केलेली. साखर कारखान्याचा चिटबॉय गट कार्यालयात हजेरी लावून उसाच्या फडांवर फिरतो, ते फिरणे त्याचे नव्हे, कारखान्याचे. त्याचा खर्च कारखान्यानेच सोसावयाचा. तिसरी वाट ह्या दोहोंच्या मधली. घर हलले नाही, कामगारानेही काही बदलले नाही. मालकाने आपल्या सोयीसाठी कामाची जागा हलविली आणि त्यामुळे अंतर वाढले. दिसावयास ही वाट पहिलीसारखी, पण तिचे कारण दुसरीसारखे आहे. सगळा वाद ह्या तिसऱ्या वाटेचा आहे.

ह्या वादात एक चूक आम्ही स्वतः केली, ती सांगितलेली बरी. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका संस्थेतील सात जणांची बदली दूरच्या शाखेत झाली. आम्ही तेव्हा जोशात होतो. आम्ही मागणी लिहिली : सातही जणांस जाण्यायेण्याचा संपूर्ण खर्च मिळावा. व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले, ‘हे लोक पूर्वी कामावर येत होते तेव्हा खर्च कोण देत होते?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्यांनी अंतराचा पुरावा मागितला, तोही नव्हता. दोन जणांनी तर कार्यालयात जुनाच पत्ता ठेवलेला. कागदाप्रमाणे त्यांचे घर नव्या शाखेच्या जवळच होते! मागणी फेटाळली गेली. सातांपैकी एकाने सहा महिन्यांत नोकरी सोडली. तो भांडून गेला नाही. पेट्रोलचा हिशेब जमेना म्हणून गेला. त्या माणसाचे आमच्यावर ऋण आहे असे आम्ही आजही मानतो. कारण मागणी खोटी नव्हती, आमची मांडणी कच्ची होती. मागावयाचा होता तो फरक, आणि आम्ही मागितली सगळी वाट.

फरकाचे हे तत्त्व आमच्या डोक्यातून निघालेले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कर्मचारी-करारात, संस्थांच्या विलीनीकरणामुळे कामाचे ठिकाण बदलावे लागले तर रोजच्या जादा प्रवासखर्चाची भरपाई चार वर्षेपर्यंत देण्याची तरतूद आहे. चार वर्षे अशासाठी की, तेवढ्या काळात माणूस आपली घडी नव्याने बसवू शकतो. फ्रान्समध्ये तर बदली असो वा नसो, सार्वजनिक वाहनाच्या पासाचा निम्मा भार मालकावर कायद्यानेच टाकलेला आहे.

आपल्याकडे काय आहे? स्पष्ट सांगावयाचे तर, खासगी नोकरीतील प्रत्येकाला रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च मिळालाच पाहिजे असे सरसकट कलम नाही. सरकारी नोकरांना बदलीभत्ता आहे, पण तो बिऱ्हाड हलविण्याचा, रोजच्या वाटेचा नव्हे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशात नवे ठिकाण २० किलोमीटरच्या पलीकडे असेल तर मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी अनुदान ठरले. २० किलोमीटरच्या आत असेल आणि घर खरोखरच बदलावे लागले, तर त्याच्या एक तृतीयांश. आणि बदली स्वतःच्या विनंतीवरून झाली असेल, तर हा भत्ता नाही. हा शेवटचा मुद्दा खासगी नोकरांनीही लक्षात ठेवावा. पुष्कळदा वरिष्ठ म्हणतात, ‘एक विनंतीअर्ज देऊन टाक, म्हणजे काम लवकर होईल.’ त्या एका सहीने हक्काचे मूळच तुटते.

मग खासगी कामगाराचा आधार कोणता? पहिला, नेमणुकीचे पत्र आणि स्थायी आदेश. बदली कोठवर करता येते व तिच्या अटी काय, हे तेथे पाहावे. दुसरा, संघटनेचा करार. वाढीव वाटेचा दर आणि मुदत करारात एकदा लिहून घेतली, की प्रत्येकाला स्वतंत्र भांडावे लागत नाही. तिसरा, चालू भत्त्याचे संरक्षण. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात भत्त्यांत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस आवश्यक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. म्हणजे मिळत असलेला प्रवासभत्ता बदलीच्या निमित्ताने गुपचूप बंद करता येत नाही. चौथा, सूडबुद्धीची बदली. धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने म्हटले आणि नव्या संहितेनेही तसेच मानले आहे. परंतु हेतू सिद्ध करणे कठीण असते, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट मालकाकडून हमखास होते. ‘वाटखर्च देतो, पण यंदाची पगारवाढ सोडा.’ हे पत्करू नये. प्रवासभत्ता साधारणपणे वेतनाच्या व्याख्येबाहेर राहतो. म्हणून पगाराऐवजी भत्ता घेतला की भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही आखडतात. नव्या वेतन संहितेत असे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा आहे. पण निम्म्याच्या आत खेळ करावयास जागा राहतेच. वाटखर्च ही भरपाई आहे, बक्षीस नव्हे.

आता मागणी कशी करावी ते सांगतो. प्रथम, नव्या जागी हजर व्हावे. हजर न होता केलेली मागणी गैरहजेरीच्या प्रकरणात बुडते. हजर होतानाच ‘हक्क राखून हजर होत आहे’ असे लिहून द्यावे. दुसरे, राहता पत्ता कार्यालयात आधी दुरुस्त करावा. तिसरे, जुने आणि नवे अंतर नेहमीच्या रहदारीच्या रस्त्याने मोजावे आणि फक्त फरक मागावा. आपल्या गावी आषाढात माउलींची पालखी मुक्कामास येते तेव्हा वाहतूक वळवितात आणि वाट लांबते. असे दिवस वेगळे दाखवावेत, सगळ्या वर्षात मिसळू नयेत. एक जादा किलोमीटर सापडला की शंभर खऱ्या किलोमीटरांवर संशय येतो. चौथे, हजेरीचे दिवसच मोजावेत. पाचवे, दर कशावरून धरला ते लिहावे, एस. टी. सोयीची असेल तर पासाची किंमत, पाळीमुळे ती उपयोगाची नसेल तर तसे सकारण लिहून मोटारसायकलीचा दर. सहावे, मुदत मागावी. ‘कायमचे द्या’ म्हणण्यापेक्षा ‘दोन वर्षे द्या’ हे लवकर मान्य होते. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

शेवटी पैशाहून मोठी गोष्ट. २००३ साली महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा रखवालदार रात्रीच्या पाळीवर निघाला आणि कारखाना काही किलोमीटरवर असताना वाटेतच अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. घरच्यांनी वाद सोडला नाही, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती ह्यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर घरून कामावर जातानाचा अपघातही कामातलाच, असे न्यायालयाने म्हटले. ह्याचा अर्थ असा की, कामावरची वाट ही कामगाराची खासगी बाब, हे जुने वाक्य आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. ज्या वाटेवरचा मृत्यू कामाच्या खात्यावर मांडला जातो, त्या वाटेवरचे वाढलेले पेट्रोल मात्र संपूर्णपणे कामगाराच्या खात्यावर, हे कोणत्या न्यायाने?

बदली थांबविणे दर वेळी आपल्या हातात नसते. हिशेब ठेवणे मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या हातात असते. ज्यांच्या घरी नुकताच असा हुकूम आला असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर एक वही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि दोन अंतरे लिहावीत : काल किती, आज किती.