जुनी गाडी घाटात तापते? मोबाईल वापरून असं शोधा कारण

शहापूरहून नाशिकला जाताना कसारा घाट, मुरबाडहून जुन्नरकडे निघालं की माळशेज. आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांची खरी परीक्षा इथेच होते. मोबाईल तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या गाडीत सहसा अशी सोय नसते. तुम्ही थांबला नाहीत तर ती तशीच तापत राहते, आणि काही मिनिटांत हेड गॅस्केट उडून मोठा खर्च येऊ शकतो.

काट्यावर विसंबू नका

बऱ्याच गाड्यांमध्ये टेंपरेचरचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तो हलेपर्यंत इंजिन बरंच तापलेलं असतं. खरा आकडा हवा असेल तर ओबीडी-2 अ‍ॅडॉप्टर घ्या. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये तो लावायचा, ब्लूटूथने फोन जोडायचा आणि टॉर्कसारख्या अ‍ॅपमध्ये 'कूलंट टेंपरेचर' बघायचं. आयफोन असेल तर अ‍ॅडॉप्टर त्याला चालतो का, हे आधी विचारा.

आत काय होतं? गाडीचा कॉम्प्युटर फक्त एक बाइट पाठवतो आणि अ‍ॅप त्यातून 40 वजा करतं. म्हणजे 135 आलं तर तापमान 95 अंश. साधारण 85 ते 105 अंश ठीक. 110 च्या पुढे आकडा चढतच राहिला तर थांबा. 'पी0217' हा कोड म्हणजे इंजिन जास्त तापल्याची नोंद.

एप्रिल 2013 पासून बीएस-4 गाड्यांना ओबीडी-2 सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत पोर्ट नसेल, तर खालची लक्षणं उपयोगी पडतील.

कधी तापते, ते आधी बघा

सॉफ्टवेअरमध्ये बग कधी येतो हे कळलं की अर्धं काम होतं. इथेही तसंच.

* ट्रॅफिकमध्ये तापते, पळताना थंड होते: रेडिएटरचा फॅन, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा. 100 च्या आसपास फॅन सुरू झालाच पाहिजे.
* सपाटीला ठीक, चढावर तापते: कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा वॉटर पंप कमजोर. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं असेल तर आत क्षार साचतात.
* सुरू केल्यावर लगेच तापते, पण रेडिएटरचा एक पाइप थंडच: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता.
* गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होतं: सायलेन्सरमधून पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय. गाडी पुढे चालवू नका.

आकड्यांचा स्क्रीनशॉट आणि फॅनचा छोटा व्हिडिओ मेकॅनिकला दाखवा. 'गाडी तापते' एवढंच सांगण्यापेक्षा त्याला खूप कळतं.

घाटात तापलीच तर

1. एसी बंद करा, हीटर फुल करा. केबिन भट्टी होईल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते.
2. सुरक्षित जागा बघून थांबा, पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा.
3. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं. किमान अर्धा तास थांबा आणि मगच जाड फडकं धरून हळू उघडा.
4. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

घाटात नेटवर्क कधीही जातं. म्हणून टोकावडे किंवा कसारा सोडण्याआधीच ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर सेव्ह करा, ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. डिकीत पाच लिटर साधं पाणी असू द्या. ते फक्त तात्पुरतं. गॅरेजला पोचल्यावर कूलंट भरून घ्या, आणि ते कमी का झालं याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुन्हा घाट चढू नका.