संमेलनाच्या मांडवातील चाकाची खुर्ची

नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. तो नेमका जागतिक दिव्यांग दिन. संमेलनाध्यक्ष, विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकले नाहीत आणि वृद्ध, आजारी व्यक्तीस हे पद द्यावे काय, अशी चर्चा रंगली. व्यक्ती संमेलनाजोगी आहे का, हे विचारले गेले. संमेलन व्यक्तीजोगे आहे का, हे फारसे कोणी विचारले नाही.

बडोदेकरांस संमेलने नवी नाहीत. १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८ साली ती येथे भरली. गणेशोत्सव, गरबा, स्नेहसंमेलने तर दरवर्षीचीच. फतेगंजातील तरुण मंडळींना आता कॉमिक्सच्या, जपानी चित्रकथांच्या मेळाव्यांचेही वेड आहे. या साऱ्यांत आवडीपेक्षा व्यासपीठाची उंचीच कित्येकांना दूर ठेवते.

उताराचे गणित सोपे आहे. शासकीय निकषांनुसार एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन फुटी व्यासपीठास छत्तीस फूट! मांडववाले मात्र सहा-सात फुटांची फळी टेकवून मोकळे होतात. तिच्यावरून खुर्ची ढकलणे म्हणजे चौघांनी उचलणेच. बक्षीस घेण्यास आलेल्या मुलाला ते मुळीच आवडत नाही, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असते.

स्वमग्न मुलांची अडचण पायऱ्यांची नसते, ध्वनिवर्धकाची असते. त्यांच्यासाठी जवळच एक शांत खोली आणि कर्ण्यापासून दूरच्या रांगेतील जागा एवढे पुरते. ती नसली की आईवडील एक-दोनदा अर्ध्यातून उठून जातात, पुढे येणेच सोडतात. आपण मात्र ‘यंदा गर्दी उत्तम’ असे अहवालात लिहितो.

अमेरिकेत मॅडिसन येथे १९७७ पासून भरत आलेल्या ‘विसकॉन’ या विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यात जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून चाकाच्या खुर्च्यांची वाट आणि जागा आखून ठेवत. खर्च चिकटपट्टीचा!

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा दिव्यांगांचा हक्क मानला. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले. तरी निमंत्रणपत्रिकेवर ‘आपणांस कोणती सोय हवी, ते आठवडाभर आधी कळवावे’ ही ओळ क्वचितच दिसते. आपल्या संस्थेच्या पुढील स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत ती छापावी, अशी माझी कार्यकारिणीस सूचना आहे. उत्तरे आली की मांडववाल्यास मापे देता येतील.