शेअर बाजाराचे खाते : दलाली पाहा, परवानगीही पाहा



ऊसबिल खात्यावर पडले की हल्ली घरातली तरणी पोरं मोबाईल पुढे करतात. "आबा, थोडं शेअर बाजारात टाकूया. दलाली शून्य आहे!" आपल्या कारखान्याचा भाग वेगळा आणि बाजारातला शेअर वेगळा. इथे एका सभासदाला एक मत, तिथे जेवढे शेअर तेवढी मते, आणि भाव रोज हलतो. तो विषय मोठा आहे. पण उतरायचेच ठरले असेल, तर मोबाईलवरचा दलाल कसा पारखावा एवढेच आज सांगतो.

ऊसबिल हाती आले की आपली पहिली नजर कपातीवर जाते. दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट तशीच वाचावी. १०,००० रुपयांचे शेअर घेऊन ठेवले तर सरकारचा व्यवहार कर १० रुपये आणि मुद्रांक शुल्क दीड रुपया. विकताना पुन्हा शेकडा १० पैसे कर. हे कुठेही गेले तरी चुकत नाही. फरक दलालीत. शेकडा ५० पैसे घेणारा १०,००० वर ५० रुपये घेईल, ठोक २० वाला वीसच. पण सौदा २,००० चा असला तर पहिल्याचे १० रुपये होतात आणि ठोकवाला महाग पडतो. दलालीवर १८ टक्के जीएसटी आहेच. शिवाय विकताना डिमॅटचा आकार लागतो. एका दिवशी एका कंपनीचा एक शेअर विका की शंभर विका, आकार तेवढाच. थोडे थोडे विकणाऱ्याला तो बोचतो. वर्षाच्या फीबद्दलही विचारा. तुमचे एकच डिमॅट खाते असेल आणि त्यातले शेअर ४ लाखांच्या आत असतील, तर मूलभूत सेवेच्या खात्याला १ सप्टेंबर २०२४ पासून वार्षिक फी नाही. हे दलाल आपणहून सांगेलच असे नाही.

आता माहितीचे. पॅन, बँक खाते, फोटो, सही, उत्पन्न हे नियमानेच द्यावे लागते. खाते उघडताना तुम्ही भारतातच आहात ना, हे पाहायला ठिकाणही विचारतात. पण फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत? आपले सोयरेधायरे, मुकादम, डॉक्टर यांची यादी दलालाला देण्याचे कारण आम्हाला तरी दिसत नाही. ती परवानगी नाकारावी. नाकारल्यावर ॲप चालतच नसेल, तर दुसरा दलाल बघावा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

सर्वांत जड परवानगी विक्रीची. हैदराबादच्या कार्वी या मोठ्या दलालाने ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर बँकांकडे गहाण टाकल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि सेबीने त्याला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली. नाव मोठे होते, ग्राहकही हजारोंनी होते. २०२२ पासून मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय नावाचा मर्यादित अधिकार आला आहे. त्यावर सही करणे सक्तीचे नाही. सही नसेल तर विकताना ओटीपी टाकावा लागतो. थोडी कटकट होते खरी, पण किल्ली आपल्या कनवटीला राहते.

आमचीच फजिती सांगतो. तालुक्याच्या गावी एकाने "मी करून देतो" म्हणत आमचे खाते उघडून दिले आणि अर्जावर मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. पाच-सहा महिने सौद्यांचे निरोप त्याच्या खिशात वाजत होते, आणि आम्ही आपले दलाली किती वाचली ते मोजत बसलो! लबाडी काही झाली नाही, हे आमचे नशीब. अर्ज देऊन नंबर बदलून घेतला. आता शेअर विकले की निरोप आमच्याच फोनवर येतो. महिन्यातून एकदा डिपॉझिटरीकडून येणारा उतारा दलालाच्या आकड्यांशी ताडून पाहतो. चष्मा लावून अर्धा तास लागतो.