तांब्याची तार आणि प्रवाशाचा भरवसा

विजेच्या मोटारीने लांबच्या प्रवासास निघालेल्या माणसाची सारी भिस्त वाटेवरच्या चार्जिंग केंद्रावर असते. बॅटरी संपत आलेली, रात्र झालेली आणि केंद्र गाठावे तो यंत्र जागच्या जागी उभे; पण त्याची केबल मात्र मुळापासून कापून नेलेली! अमेरिकेतील सिअ‍ॅटल, ह्यूस्टन यांसारख्या शहरांत हा अनुभव अलीकडे अनेकांच्या वाट्यास आला. तेथील ‘इलेक्ट्रिफाय अमेरिका’ या कंपनीच्या केंद्रांवर २०२२ च्या सुमारास सहा महिन्यांत एखादी केबल कापली जात असे. २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांतच हा आकडा १२९ वर गेला.

चोराला हवे असते ते केबलमधील तांबे. मे २०२४ मध्ये तांब्याचा भाव टनास १०,००० डॉलरांच्या वर गेला होता. तरीही एका केबलमधील तांब्याचे मोडीत १५ ते २० डॉलरच येतात, असा तेथील अंदाज आहे. म्हणजे चोराचा लाभ क्षुल्लक, आणि केंद्र मात्र नवी केबल येईपर्यंत बंद!

विजेची तार कापणाऱ्यास धक्का कसा बसत नाही, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच आहे. केबल मोटारीस जोडली जाऊन यंत्राची व मोटारीची परस्परांना खूण पटल्याखेरीज तिच्यात मुख्य प्रवाह सोडला जात नाही. प्रवाशाच्या जिवासाठी केलेली ही योजना चोराच्याही पथ्यावर पडते.

मग उपाय कोणता? युरोपात मंद गतीने वीज देणाऱ्या अनेक खांबांवर केवळ खाचेची सोय असते. केबल मोटारवाला स्वतःबरोबर आणतो. जेथे केबलच नाही, तेथे चोरीही नाही. परंतु जलद चार्जिंगसाठी शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो. त्याची जाड, वजनदार केबल प्रवाशाने बाळगणे शक्य नसल्याने ती यंत्रासच जोडून ठेवावी लागते. संरक्षणाची खरी गरज येथे आहे.

अशा केबलवर पोलादी जाळीचे वेष्टन चढविले, तर चोरी अशक्य होत नाही. परंतु काही क्षणांचे काम लांबते, आणि चोराला सर्वांत अधिक भय असते ते वेळेचेच. केबलमधून अत्यल्प दाबाचा प्रवाह सतत खेळता ठेवल्यास ती तुटताच नियंत्रण कक्षात इशारा पोहोचू शकतो. अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या द्रवाने केबलवर खूण केली असता चोरीचा माल ओळखता येतो. आणि केंद्र ओसाड कोपऱ्याऐवजी रात्रभर जागत्या पेट्रोलपंपाजवळ किंवा उपाहारगृहाच्या अंगणात उभारले, तर माणसांची वर्दळ हाच फुकटचा पहारा ठरतो.

तथापि चोरीचे मूळ केंद्रावर नसून बाजारात आहे. घेणारा नसेल तर चोरणारा कशासाठी चोरील? इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने मोडीचे पैसे रोख देण्यास मनाई केली आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता पडताळून नोंदविणे बंधनकारक केले. भारतासही हा विचार नवा नाही. तारायंत्राच्या तारांची चोरी थांबविण्यासाठी १९५० साली झालेल्या कायद्याने, अशी तार ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती रीतसर मिळविल्याचे सिद्ध करावे, असा दंडक घातला होता. २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम १३६ विजेच्या तारा व साहित्य चोरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते.

भारतात चार्जिंग केंद्रांचे जाळे अद्याप विणले जात आहे. चोरी माजल्यावर पोलादी वेष्टन चढविण्यापेक्षा, केंद्राची जागा निवडतानाच आणि भंगाराच्या दुकानाची वही तपासतानाच ही दक्षता घेणे स्वस्त पडेल. कापलेल्या केबलची किंमत भरून काढता येते. आडवाटेला एकदा अडकलेल्या प्रवाशाचा भरवसा मात्र इतक्या सहज परत मिळत नाही.