केलेले जाणणे

मराठी माणूस घरात आभार मानीत नाही. आईने वाढलेल्या पानावर बसून ‘आभारी आहे’ म्हणणारा मुलगा आपल्याकडे चेष्टेचा विषय होईल. आणि अडीनडीला पैसे देणाऱ्या सख्ख्या भावाला कोणी रीतसर धन्यवाद दिले तर तो दुखावला जाण्याचाच संभव अधिक. यावरून आपण कृतघ्न आहोत असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. परक्याचे आभार मानायचे आणि आपल्या माणसाचे उपकार जाणायचे, असा आपल्या भाषेचा रिवाज आहे. येथे ‘जाणणे’ हे क्रियापद महत्त्वाचे. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दात आनंद नाही, समाधान नाही, हसरा चेहराही नाही; कोणी, केव्हा, काय केले याचे ज्ञान तेवढे आहे. आणि कृतघ्न म्हणजे त्या केलेल्याचा घात करणारा.

हे शब्दपुराण सांगण्याचे कारण असे की, अलीकडे कृतज्ञतेचा उपदेश फार स्वस्त झाला आहे. संकटात सापडलेल्या माणसाला ‘जे उरले त्यात समाधान मान, इतरांपाशी तेवढेही नाही’ असे सांगणारे हितचिंतक गल्लोगल्ली भेटतात. त्यांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याच्या अधिक मोठ्या दुःखावर आपले समाधान उभारावयाचे, ही कल्पनाच आम्हांस रुचत नाही. शिवाय ज्याची एक भिंत पडली त्याला शेजाऱ्याच्या चारही पडल्या हे ऐकून धीर कसा यावा, हेही उमगत नाही. धीर येतो तो निराळ्या वाटेने. ती वाट २०१९ च्या महापुरात आम्हांस एका वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून कळली.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा अशा साऱ्याच नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात हाहाकार उडविला होता. निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. नदीकाठची माणसे मिळेल त्या उंचवट्यावरील शाळांत आणि देवळांत येऊन राहिली. आमच्या शाळेतही बाके एकावर एक रचून खोल्या मोकळ्या केल्या होत्या. एका खोलीत बाळंतीण, दुसरीत म्हातारी माणसे, व्हरांड्यात शेळ्या, आणि फळ्यावर खडूने लिहिलेली कुटुंबांची यादी. ओल्या कपड्यांचा आणि रॉकेलचा तो वास पुढे पुष्कळ दिवस वर्गांतून गेला नाही.

तिसऱ्या दिवशी शहरातून एक सद्गृहस्थ बिस्किटांचे पुडे घेऊन आले. कोपऱ्यात घोंगडे पांघरून बसलेल्या एका आजोबांना ते म्हणाले, “घर गेले तर गेले. जीव वाचला हे नशीब म्हणा आणि देवाचे आभार माना.” आजोबांनी पुडा घेतला, बाजूस ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “नशिबानं न्हवं, साहेब. वरच्या गल्लीतल्या चौघा पोरांनी कासरा धरला, म्हणून वाचलो. नशिबाचं नाव घेतलं, तर त्या पोरांचं नाव कुणी घ्यायचं?” आणि त्यांनी त्या चौघांची नावे, बापांच्या नावांसह, एकामागून एक सांगितली.

आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत कृतज्ञतेवरील निबंध आम्ही शेकड्यांनी तपासले असतील. एवढी नेमकी व्याख्या एकाही वहीत आढळली नव्हती. नशिबाचे आभार मानले की कोणाचेच ऋण उरत नाही. नशीब परतफेड मागत नाही, त्याच्या घरी आपणांस जावे लागत नाही. चार पोरांची नावे घेतली की मात्र चार घरांशी आपण बांधले जातो. संकटात माणूस उन्मळून पडतो तो केवळ वस्तू गेल्यामुळे नव्हे. आपण एकटे पडलो, या जाणिवेमुळे. ज्याच्यापाशी अशा नावांची यादी आहे, तो त्या अर्थाने एकटा उरत नाही. त्याच्या दुःखात काडीचीही घट होत नाही, परंतु पायांखाली काहीतरी लागते.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांतली. चौथ्या दिवशी सकाळी भाकऱ्यांच्या दोन बुट्ट्या आल्या. वाळवून कडक केलेल्या जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. पाठविणारे गाव कानडी बोलणारे होते. सीमाभागातील आपल्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. भाषेच्या प्रश्नावर ज्याचे जे मत आहे ते त्याने खुशाल बाळगावे, आमचेही आहे. पण त्या भाकऱ्या कोठून आल्या हे ठाऊक असूनही विसरणे, याला संस्कृतात जो शब्द आहे तो वर येऊन गेला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. असे उपकार आठवत बसणारा माणूस हक्कासाठी भांडणार कसा? ‘मिळाले ते पुष्कळ’ म्हणून तो गप्पच बसेल. आमचा अनुभव उलट आहे. त्याच आजोबांनी पडलेल्या घराच्या नुकसानभरपाईसाठी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजविले, पंचनाम्यातील चूक दाखवून तो पुन्हा करवून घेतला. पोरांनी दिले ते उपकार आणि सरकारने द्यावयाचे ते देणे, हा भेद त्यांच्या मनात स्वच्छ होता. जो केलेले जाणतो, त्याला न केलेलेही दिसतेच.

आपल्या परंपरेत या वृत्तीचा सर्वांत कठीण नमुना म्हणजे तुकोबा. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांचे दुकान बुडाले, मान गेला, प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. आणि हाच माणूस पुढे अभंगात देवाला म्हणतो की, दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडा केली तेही बरेच. कारण त्यामुळेच तुझे चिंतन घडले. हा अभंग आपण कीर्तनात इतक्या वेळा ऐकतो की त्यातील भयंकरता जाणवेनाशी होते. दोन गोष्टी मात्र ध्यानी ठेवण्यासारख्या आहेत. एक, हे तुकोबा स्वतःविषयी बोलतात. दुष्काळात मेलेल्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याच्या पोरांना ‘बरे झाले’ असे त्यांनी सांगितलेले नाही. दुसरी, परंपरा असे सांगते की घरची कर्जखते त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. स्वतःला तोशीस न लावता मानलेली कृतज्ञता तुकोबांना मान्य झाली असती, असे आम्हांस वाटत नाही.

माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो असे वैदिक वाङ्मय सांगते. शतपथ ब्राह्मण त्यांत मनुष्यांच्या ऋणाचीही भर घालते. पोथीतील हा विचार आपल्या शेतकऱ्याने बैलाच्या गोठ्यात आणून बांधला. आपल्या भागातील कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेस येतो. बैलांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, झूल पांघरतात, त्या दिवशी जू मानेवर ठेवीत नाहीत. ज्याच्या घरी बैल नाही तो मातीचे बैल आणून पुजतो. आता तिथीकडे लक्ष द्यावे. ज्येष्ठात पेरणीची धामधूम असते. पीक हाती येणे दूरच, पुष्कळदा ते उगवलेलेही नसते. पाऊस साथ देईल की नाही, कोणास ठाऊक. अशा वेळी बैलाची पूजा होते, ती त्याने ओढलेल्या नांगराबद्दल. फळ येवो न येवो, कष्ट तर झाले आहेत. सुगीनंतर आभार मानणे कोणालाही जमेल.

आता शाळेतील एका प्रयोगाविषयी थोडेसे. पूर ओसरून शाळा भरली तेव्हा निम्म्या मुलांपाशी पुस्तके नव्हती. मराठीच्या तासाला सातवीच्या वर्गास आम्ही एवढेच सांगितले, ‘या दिवसांत तुमच्यासाठी कोणी काय केले ते लिहा. नाव लिहा आणि काय केले ते लिहा. छान छान वाक्ये नकोत.’ एका मुलीने लिहिले, आजीने पाण्यात उतरून म्हशीचे दावे कापले, म्हणून म्हैस पोहून गेली आणि नंतर घरी आली. एकाने लिहिले, मावशीने तिच्या मुलाआधी मला कोरडा सदरा दिला. एका मुलाने कागदावर एकच ओळ लिहिली होती, ‘माझ्यासाठी कोणी काही केले नाही.’ तो कागद आम्ही इतरांच्या कागदांबरोबरच ठेवला. त्यावर लाल शाई लावली नाही. त्या मुलाने खरे लिहिले होते, आणि पुढले काम त्याचे नसून आमचे होते.

वर्षअखेरपर्यंत दर शनिवारी हे लेखन चालू राहिले. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असाच प्रकार केला होता, हे आम्हांस मागाहून वाचनात आले. काही जणांनी आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी त्रासाच्या, काहींनी केवळ घडलेल्या. पहिल्या गटातील लोक स्वतःच्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. स्नायूंच्या दुर्धर विकाराने पीडित असलेल्या लोकांकडून तेच लेखन २१ दिवस रोज करविले, तेव्हा त्यांना झोपही बरी लागल्याचे दिसले. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांना आमची एवढीच सूचना की, ‘आरोग्य’, ‘कुटुंब’ असे मोघम शब्द लिहू नयेत. तिसऱ्या दिवशी त्यांचा कंटाळा येतो. औषध आणावयास रात्री कोण गेले, ते लिहावे.

ते आजोबा नंतरही भेटत राहिले. पुरात त्यांच्या जोडीतला एक बैल गेला होता. दुसरा त्यांनी विकला. २०२० सालचा बेंदूर ५ जूनला, साथीच्या ऐन भीतीत आला. मिरवणूक नव्हती, वाजंत्री नव्हती. आजोबांनी मातीची जोडी पुजली, आणि संध्याकाळी तोंडाला पंचा बांधून, हातात कडबूंचा डबा घेऊन वरच्या गल्लीत गेले. चौघांपैकी तिघे घरी होते. चौथा पुण्यास कामाला, राज्याच्या सीमेवरील निर्बंधांमुळे तिकडेच राहिलेला. त्याच्या वाटणीचे कडबू त्यांनी त्याच्या आईजवळ दिले आणि दारातूनच फोन लावून घेऊन त्याला तसे सांगितले.