जुनी पेटी आणि नवीं विशेषणें

विवाहविषयक जाहिरातींत ज्याप्रमाणें प्रत्येक वर निर्व्यसनी आणि प्रत्येक घराणें सुसंस्कृत असतें, त्याप्रमाणें जुन्या वाद्यांच्या जाहिरातींत प्रत्येक पेटी ‘फारच कमी वाजविलेली’ असते. जी फारशी वाजविलीच नाहीं ती ‘उत्तम वाजते’ हें विकणाऱ्यास कसें कळलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पूर्वी जुनें वाद्य घ्यावयाचें तर मनुष्य बाजारांत जाई, तें उचलून पाही, भाता मारी, चार स्वर दाबी आणि मग भावाची गोष्ट काढी. आतां फोनच्या कांचेवरील चार छायाचित्रें आणि सहा ओळींचें वर्णन एवढ्या भांडवलावर दहा-वीस हजारांचा सौदा घरबसल्या ठरतो. पेटी मागाहून येते. आधीं येतात तीं विशेषणें.

ह्या विशेषणांचें एक स्वतंत्र व्याकरण आहे. ‘जुनी’ हा साधा शब्द त्यांत वर्ज्य होय. त्याच्या जागीं ‘विंटेज’ हा शब्द बसविला कीं, जें वय किंमत उतरवीत होतें तेंच ती चढवूं लागतें. ‘मिंट कंडिशन’ ही पदवी मूळची टांकसाळींतून नुकत्याच निघालेल्या नाण्याची. ती आज कडा झिजलेल्या गिटारलाही बिनदिक्कत बहाल होते. ‘किरकोळ सर्व्हिसिंग लागेल’ याचा अर्थ बहुधा असा कीं, सर्व्हिसिंगचा खर्च विचारून झाला आहे आणि म्हणूनच पेटी विकावयाची आहे. ‘आजोबांची आठवण’ असें लिहिलेलें असतें तेथें आजोबांवरील प्रेमाची किंमत नातवानें ग्राहकाकडून वसूल करावयाचें ठरविलेलें असतें. चकचकीत पितळी कर्णा बसवून आणि कुत्र्याचें सुप्रसिद्ध चित्र डकवून अलीकडे बनविलेले ग्रामोफोन ‘पुरातन’ म्हणून विकले जातात, तोही ह्याच विद्येचा एक प्रकार.

परंतु पेटीच्या बाजारांत सर्वांत भारी शब्द म्हणजे ‘जर्मन रीड’. हार्मोनियम मूळचें युरोपांतलें. पॅरिस येथील अलेक्सांद्र दबें यानें १८४० सालीं त्याचें पेटंट घेतलें. तें पायानें भाता चालवून वाजविण्याचें वाद्य होतें. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांना सोयीची, हातभात्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास प्रचारांत आणली. तथापि तिचा कंठ, म्हणजे आंतील पितळी रीड, पुढेंही बराच काळ परदेशांतून येत असे, आणि ‘ज्युबिलेट’ हें जर्मन नांव पेटीवाल्यांच्या तोंडीं अद्यापि आहे. कालांतरानें ही आयात आटली व सौराष्ट्रांतील पालिताणा येथें रीड्स तयार होऊं लागल्या. जाहिरातींवर विश्वास ठेवावयाचा तर मात्र जर्मनीहून येणारीं जहाजें अजून बंदराला लागत असलीं पाहिजेत.

खऱ्या जर्मन रीडच्या पेट्या नाहींत असें नव्हे. आहेत, आणि त्यांचा नाद ऐकण्यासारखा असतो. पण पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्यांत त्यांतील दहापांच रीड्स मोडून त्यांच्या जागीं दुसऱ्या आलेल्या असतात. शिवाय रीड जुळविण्याची क्रियाच अशी आहे कीं, तिच्यांत धातु खर्चीं पडतो. पितळेची ती पातळ जीभ टोंकाशीं घांसली कीं हलकी होऊन स्वर चढतो. मुळाशीं घांसली कीं लवचिक होऊन स्वर उतरतो. प्रत्येक वेळीं थोडें पितळ कानसेबरोबर जातें. अनेकदां जुळविलेली जीभ शेवटीं इतकी क्षीण होते कीं, जोरानें भाता मारतांच तुटते. तेव्हां ‘नुकतीच ट्यून करून घेतली आहे’ हें वाक्य वाचून हर्ष मानण्यापूर्वी आजवर किती वेळां ट्यून केली, हें विचारून घ्यावें. पट्ट्या काढून आंतील रीडबोर्डाचें एक स्पष्ट छायाचित्र मागावें. तें द्यावयास जो कांकूं करितो त्यानें उत्तर दिलेंच आहे असें समजावें.

विकणारे बहुधा एक छोटी चित्रफीतही पाठवितात. तींत कोणी तरी एखादें गोड पद वाजवीत असतो, पाठीमागें तंबोऱ्याचें यंत्र चालू असतें आणि वर थोडा कृत्रिम घुमारा चढविलेला असतो. अशा मिश्रणांत फुटका डबाही सुरेल भासेल. खरी परीक्षा याहून फार रूक्ष असते. पेटीचा खर्ज आणि नर हे दोन संच एकदम वाजत असतांना एकाचा दोष दुसऱ्याच्या पोटांत दडतो. म्हणून एका वेळीं एकच संच उघडा ठेवून, काळी-पांढरी अशी प्रत्येक पट्टी क्रमानें, संथ भात्यावर, मध्यें न तोडतां वाजवून दाखविण्यास सांगावें. कोणती रीड उशिरा बोलते, कोणती घोगरी आहे, कोणती पट्टी न दाबतांच गुणगुणते, हें दोन मिनिटांत कळतें. नंतर सर्व खटके मिटून आंतला भाता भरावा आणि तो किती वेळांत बसतो तें पाहावें. तो लगेच बसला तर हवा कोठें तरी निसटते आहे, मग वरील पॉलिश कितीही आरशासारखें असो. पावसाळ्यांत लांकूड फुगून पट्ट्या अडकतात, हा मात्र दोष नव्हे, ऋतु आहे; ग्राहकानेंही तेवढी उदारता दाखवावी.

तंबोऱ्याची गोष्ट याहून नाजूक. ‘मिरजेचा’ एवढें लिहिलें कीं भाव चढतो, आणि तें स्वाभाविकच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढ्याकडून येवो अथवा आणखी कोठून, त्याला गेलेली चीर लाखेनें बुजवून वर रंग दिला कीं छायाचित्रांत ती कोणास दिसणार? ‘जवारी अप्रतिम’ हें तर फोनवरून ठरवितांच येत नाहीं. घोडीवरील तो सूक्ष्म उतार तारेच्या घर्षणानें झिजतो, तो पुनःपुन्हां काढावा लागतो, आणि त्याचा नाद प्रत्यक्ष कानाजवळच कळतो.

कायदा या बाबतींत काय म्हणतो, हें अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतें. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील १५ व्या कलमाप्रमाणें वर्णनावरून माल विकला असेल तर तो त्या वर्णनाशीं जुळला पाहिजे. पण ‘आवाज अमृतासारखा’ हें वर्णन नव्हे, ती स्तुति आहे. अमृत कोणी चाखलें आहे म्हणून तिला खोटें ठरवावें? ‘तीन संच, जर्मन रीड, भाता नवा’ हीं मात्र विधानें आहेत. खरीं तरी असतील, नाहीं तर खोटीं. म्हणून स्तुतीचें विधानांत रूपांतर करून घेणें, आणि तेंही लेखी, ही ग्राहकाची पहिली कामगिरी. उलट, १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १९ वें कलम ग्राहकासही बजावतें: चुकीच्या कथनामुळें झालेला करार रद्द करतां येतो खरा, पण साधारण दक्षतेनें सत्य समजण्याचें साधन हातीं असून ज्यानें तें वापरलें नाहीं, त्याला हा आधार मिळत नाहीं. (ढळढळीत लबाडीची गोष्ट वेगळी.) २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मुख्य रोख व्यापाऱ्यांवर आहे, घरची एकुलती एक पेटी विकणारा गृहस्थ व्यापारी ठरणें कठीण. आणि जो विक्रेता आपली लष्करांत बदली झाल्याचें सांगून ‘पैसे पाठवितों, एवढा कोड स्कॅन करा’ म्हणतो, त्याच्यापाशीं पेटीच नसते. पैसे घेण्यासाठीं कोणालाही आपला गुप्त आकडा घालावा लागत नाहीं.

इतका खटाटोप एका जुन्या पेटीसाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु अशी पेटी बहुधा घेतली जाते ती घरांतील आठ-दहा वर्षांच्या मुलीसाठीं, जिला गाण्याच्या पहिल्या परीक्षेस बसावयाचें असतें. तिच्या कोवळ्या कानाला तो गंधार हाच गंधार असतो. पेटीचे स्वर स्थिर, मींड तिला साधत नाहीं, म्हणून नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दाराबाहेर ठेविलें होतें. तो वाद जाणत्यांचा. पण ज्या पेटीचा स्थिर स्वरच मुळांत ढळलेला आहे, तिच्याबरोबर दोन वर्षें रोज सकाळीं गाणारी मुलगी तो ढळलेला स्वर गळ्यांत बसवून घेते आणि पुढें गुरुजींना तो काढतांना घाम फुटतो. चार हजार वांचले, हा हिशेब त्या घरीं मग कोणी काढीत नाहीं.

क्वचित् एखादी जाहिरात अशीही आढळते: ‘पेटी पस्तीस वर्षांची. भात्याला एक ठिगळ आहे. वरच्या सप्तकांतला धैवत उतरला आहे, जुळवून घ्यावा लागेल. येऊन वाजवून पाहावी.’ खालीं छायाचित्र एकच, तेंही अंधुक. ‘विंटेज’ आणि ‘मिंट’ यांच्या गर्दींत ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहते, आणि मग एखादा जुना साथीदार संध्याकाळीं त्या पत्त्यावर जातो, तासभर वाजवितो, आणि घासाघीस न करतां पेटी रिक्षांत घालून घेऊन जातो.