देवाच्या दारची पोरं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला नवा गडी बसला की त्याला आपल्या पात्राचं बालपण ठरवावं लागतं. २०१७ साली आलेल्या 'झनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकात त्यासाठी चक्क तक्ता दिला आहे. एक ते शंभरचं दान टाकायचं. ३ पडले तर पात्राला देवळाने वाढवलं, ४ किंवा ५ पडले तर अनाथालयाने. आई आणि वडील दोघंही हवे असतील तर ७६ किंवा त्याहून मोठं दान पडावं लागतं. बरेच खेळाडू मात्र फाशांच्या भानगडीत न पडता सरळ अनाथ होऊन मोकळे होतात. त्यात सोय असते. घरी म्हातारी आई वाट पाहत असलेला माणूस ड्रॅगनच्या गुहेत कशाला शिरेल, याचं उत्तर देत बसावं लागत नाही.

पण पोरकं पोर कुणीतरी वाढवलेलं असायला हवं, आणि तिथे देऊळ हमखास कामाला येतं. अडचण अशी की अशा खेळांच्या जगांमध्ये देव खरे असतात. पुजाऱ्याने मंत्र म्हटला की जखम डोळ्यांदेखत भरून येते. 'फरगॉटन रेल्म्स' या जगात तर इल्माटर नावाचा देवच आहे, दुसऱ्यांचं दुःख अंगावर घेणारा. लाल दोरीने बांधलेले हात ही त्याची खूण. असे देव हाकेच्या अंतरावर असताना पोरांचे हाल होत असतील, तर त्याचं खापर नुसत्या गरिबीवर फोडता येत नाही. ते कुणीतरी होऊ दिलेले असतात. या खेळांतली अनाथालयं मी तरी याच कसोटीवर जोखतो.

'स्कायरिम' या व्हिडिओ गेममधलं (२०११) रिफ्टन गाव घ्या. तिथल्या ऑनरहॉल अनाथालयाची चालक ग्रेलॉड. लोक तिला 'दयाळू ग्रेलॉड' म्हणतात, पण दयेचा तिच्याशी दुरूनही संबंध नाही. पोरांना ती सुनावते की तुम्हाला कुणीही दत्तक घेणार नाही. आत एका खोलीत भिंतीला बेड्या अडकवलेल्या दिसतात. अवेंटस नावाचा मुलगा इथून पळून विंडहेल्मला आपल्या घरी गेला आहे आणि ग्रेलॉडला मारण्यासाठी मारेकऱ्यांच्या पंथाला साकडं घालत बसला आहे. खेळाडूने तिला मारलं तर बाकीची पोरं आनंदाने ओरडतात. हे अनाथालय कुठल्या देवळाचं नाही. पण त्याच गावात मारा या प्रेमाच्या मातृदेवतेचं मोठं देऊळ आहे. खेळाडू लग्न लावायला तिथेच जातो. तिथली पुजारीण मारेच्या मायेवरच्या पुस्तिका वाटायला लावते. त्या मायेला अनाथालयाचा रस्ता काही सापडत नाही. खेळ यावर एक अक्षर बोलत नाही. दोन्ही इमारती एकाच गावात ठेवून दिल्या आहेत, बस्स.

प्रत्यक्षातल्या युरोपातही अनाथांचं सगळंच धर्मसत्तेच्या अंगावर नव्हतं. फ्लोरेन्सचं प्रसिद्ध 'ओस्पेदाले देल्यी इनोचेंती' १४४५ मध्ये सुरू झालं. त्याचा आराखडा ब्रुनेलेस्कीचा, आणि कारभार रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाकडे. काही आया बाळासोबत अर्धं पदक ठेवून जात; पुढेमागे परत न्यायला जमलंच तर ओळख पटावी म्हणून. मठाला मूल अर्पण करायची रीत याच्या कितीतरी आधीची. इंग्लंडचा इतिहासकार बीड सातव्या वर्षी मठात आला तो कायमचा. त्याच्या हातून ग्रंथ घडले हे खरं, पण सात वर्षांच्या पोराला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

हा न विचारण्याचा भाग 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने (२००९) नेमका पकडला आहे. अ‍ॅलिस्टर हा राजाचा अनौरस मुलगा. एका सरदाराच्या पदरी वाढतो आणि दहाव्या वर्षी धर्मसंस्थेकडे, म्हणजे चँट्रीकडे, धाडला जातो. जादूगारांवर पहारा ठेवणारा टेम्पलर व्हायला. निघताना रागाच्या भरात तो आईची एकुलती एक आठवण, तिचं पदक, भिंतीवर आपटून फोडतो. खूप पुढे ते रेडक्लिफच्या किल्ल्यात सरदाराच्या मेजात सापडतं, तुकडे जोडलेलं. ज्याने मूल धाडून दिलं त्यानेच ते जोडून जपलं होतं. अ‍ॅलिस्टर तोंडाने सतत विनोद करतो, पण पदक हातात पडल्यावर त्याचा सूर बदलतो.

'ब्लडबोर्न'मध्ये (२०१५) आडपडदाच नाही. हीलिंग चर्चचं अनाथालय महादेवळाच्या सावलीत उभं, आणि तिथे पोरांना विद्याही देतात व त्यांच्यावर प्रयोगही करतात. त्यातूनच पुढे चर्चमधला 'क्वायर' हा वरचा गट तयार होतो. भय म्हणून ते जबर आहे, पण त्या पोरांपैकी एकाचंही नाव लक्षात राहत नाही.

शॅडोहार्टचं तसं होत नाही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) अजून संपवला नसेल तर पुढचं वाचू नका. तिच्या आठवणीत एवढंच आहे की लहानपणी जंगलात लांडग्याने घेरलं होतं आणि शार या अंधाराच्या देवीच्या भक्तांनी वाचवलं. पुढे त्यांनीच वाढवलं, पुजारीण केलं. खरी हकिगत अशी की ती सेलूने या चंद्रदेवीच्या भक्तांची मुलगी, तिचं नाव जेनेवेल. त्या रात्री शारपंथीयांनी तिला पळवलं, स्मृती पुसली आणि आईबापांना शारच्याच मठात डांबलं. धर्माने पोरकं करणं आपल्याला नवीन नाही. ज्ञानदेवादी भावंडांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारेही शास्त्रच सांगत होते. पण इथे पोरकं करणाऱ्यांनीच सांभाळ केला, आणि तोही इतका की मुलगी त्यांचे उपकार मानत राहिली.

शेवटी ती आईबापांसमोर उभी राहते तेव्हा शार व्यवहार मांडते. त्यांना सोडवलं तर शारने तिच्या हातावर ठेवलेल्या जखमेची कळ तशीच राहील. ते गेले तर शारचा पाश सुटेल. बाप स्वतःच म्हणतो, आम्हाला जाऊ दे. इथे खेळाडूला तिच्या वतीने निर्णय घेता येतो, किंवा तो तिच्यावर सोपवता येतो. मी तो तिच्यावर सोपवला. तिच्या आयुष्यात तिला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.